सोडू का?

थोरल्याने डोळे घट्ट मिटूनच हात लांब केला, खिडकीच्या कट्ट्यावरची पाय घासायची वजरी चाचपून उचलली आणि भिंतीवर जोरात आपटली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा केवळ स्वतःच्या समाधानासाठी. डोक्याला शाम्पू होता, पाठीला साबण होता आणि शॉवरचं पाणी एका क्षणात विहिरीच्या तळाइतकं गार पडलं होतं.

भिंतीपलीकडून उत्तर आलं. ठण्, ठण्. बहुधा स्टीलचा तांब्या.

“चोर!” थोरला भिंतीला म्हणाला.

“अहो, काय झालं?” बाहेरून बायकोने विचारलं.

“काय व्हायचंय? तुझ्या दिरांनी पाणी तोडलं! मी आत शिरलो की ते भिंतीला कान लावून बसतात. साबण लावेपर्यंत गप्प. नेमका साबण लावला की तोडतात.”

“तुम्ही साबण लावलाय हे त्याला भिंतीतून कसं दिसणार?”

“वास येतो!”

बायको शेगडीकडे गेली. पातेलं चढवलेलंच होतं. हल्ली ती ते आधीच चढवून ठेवायची. दार किलकिलं करून तिने पाणी आत दिलं, आणि त्याला उजवा हात वर नेता येत नव्हता म्हणून डोक्यावर ओतलंही तिनेच. थोरल्याचा खांदा धरला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज सकाळी खांद्यावर गरम पाण्याची धार सोडा, आणि चिडचिड करू नका. त्या घरात यातलं काहीच मिळण्यासारखं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर हात या उंचीवर कायमचा अडकेल. ‘या उंचीवर’ म्हणताना त्यांनी हात जिथे धरला तिथून थोरल्याला कोणत्याही दुकानाच्या काउंटरवरचं वजनसुद्धा उचलता आलं नसतं.

आणि वजनं उचलणं हीच त्याची नोकरी होती. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानादुकानांत जायचं, तराजू तपासायचे, खोट निघाली की जप्त करायचे. सगळं जग थोडं थोडं कमी देतं, हे त्याने सरकारी खर्चाने सिद्ध केलं होतं. घराची वाटणी झाली तेव्हा मोजायची टेपही त्यानेच धरली, आणि धाकट्याच्या मते तिथेच घात झाला. धाकटा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. त्याच्या गाडीत दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक त्याच्या स्वतःच्या. समोरचा चुकणारच, या विश्वासावर त्याचा धंदा उभा होता. अशी ही दोन माणसं एकाच आईच्या पोटी आली होती, आणि वडील होते तोवर एकाच स्वयंपाकघरात जेवतही होती.

वाटणीत हॉलच्या मधून भिंत आली, अंगणातून तार आली. अडलं ते वडिलांच्या मधल्या खोलीपाशी. तिला एक दार आणि एक खिडकी. मध्ये भिंत घातली असती तर एकाला दार मिळालं असतं आणि दुसऱ्याला खिडकी. तेव्हा त्या एका दाराला दोन कुलुपं लागली. आत एक मोडका पंखा होता, एक आरामखुर्ची होती आणि धूळ होती. धूळ सामाईक. तसाच सामाईक राहिला तो गॅस गीझर. तो मागच्या उघड्या पॅसेजमध्ये, थोरल्याच्या बाजूला होता. त्याचा एक पाइप थोरल्याच्या बाथरूममध्ये जायचा आणि दुसरा भिंत फोडून धाकट्याच्या. गीझरची पाळी येईपर्यंत भांडून भांडून दोघांचेही घसे बसले होते, म्हणून तो वाचला.

तेव्हापासून दोघांमध्ये बोलणं नव्हतं. उल्लेखच करायची वेळ आली तर दोघेही एकमेकांचा उल्लेख आदराने करत. “त्यांनी कचरा आमच्या बाजूला टाकला.” “ते घरी आहेत का बघ.” आपल्या भाषेत शिवी देऊन माणूस तुटत नाही. सख्ख्या भावाला तोडायचं असेल तर त्याला ‘ते’ म्हणावं लागतं.

जावांचं मात्र बोलणं चालू होतं. एकच इस्त्री दोन घरांत फिरत होती, आणि अबोला धरायला दोघींपैकी एकीलाही सवड नव्हती.

गीझरवाला आतापर्यंत तीनदा येऊन गेला होता. पहिल्यांदा म्हणाला, सेल उतरलेत. सेल बदलले. दुसऱ्यांदा म्हणाला, पाण्याची जाळी तुंबलीय. जाळी साफ केली. तिसऱ्यांदा म्हणाला, आत खार साठलाय, आणि कसलंसं आंबूस पाणी फिरवून खार काढला. दर वेळी जाताना तो नळ सोडायचा, धारेखाली बोट धरून झटकन मागे घ्यायचा आणि म्हणायचा, “बघा, चटका बसतो.” चटका बसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी साबण लागेपर्यंत बसतच राहायचा.

चौथ्यांदा तो आला तेव्हा थोरला त्याची वाटच पाहत होता, जशी तो खोट्या तराजूच्या दुकानदाराची पाहायचा.

“माझ्यासमोर उघडा,” थोरला म्हणाला. “एकेक पार्ट दाखवा.”

गीझरवाल्याने झाकण काढलं, फुंकर मारली, नळ सोडला. ज्योत भसकन पेटली. पाणी कढत. त्याने डोकं खाजवलं, भिंतीत शिरलेल्या दुसऱ्या पाइपाकडे पाहिलं, आणि आधीच्या तीन खेपांत त्याला जे सुचलं नव्हतं ते त्याला सुचलं.

“हा कुठं जातो?”

“पलीकडे.”

“मग पलीकडचा नळ सोडायला सांगा ना.”

“तुम्ही सांगा.”

“मी? भाऊ तुमचा ना?”

“वाटणी होईपर्यंत होता.”

पॅसेजच्या भिंतीत वर एक झरोका होता. गीझरवाल्याने तिकडे तोंड करून हाक मारली. “ओ साहेब! नळ सोडा तुमचा!”

“कोण म्हणतंय?” पलीकडून आवाज आला.

“गीझरवाला.”

“मग सोडतो. दुसरं कोणी म्हणत असेल तर विचार करावा लागेल.”

पलीकडे पाणी सुटलं. इकडे गीझरवाल्याने बाथरूममधल्या धारेत हात घातला आणि तोंड वाकडं केलं. “कोमट.”

“चोरी!” थोरला म्हणाला. “डोळ्यांदेखत!”

गीझरवाल्याने इकडचा नळ थोडा बारीक केला. लगेच पलीकडून आरडाओरडा. “अहो, इकडे काय कोमट पाणी येतंय! सांगा त्यांना, आमचं पाणी ओढू नका म्हणावं!” असं म्हणत पलीकडच्याने स्वतःचा नळही बारीक केला असावा, कारण त्याच क्षणी गीझरमधली ज्योत भप्प करून विझली. दोन्हीकडे पाणी गार. दोन्हीकडे माणसं तापली.

“त्यांना सांगा,” थोरला उजवा कान झरोक्याकडे करून कडाडला, “नळ सोडायच्या आधी विचारायची पद्धत असते. माणसांमध्ये!”

“त्यांना सांगा, विचारायला समोर माणूस लागतो!”

“ते म्हणतात की...” गीझरवाल्याने सुरुवात केली.

“ऐकू आलं मला! त्यांना सांगा, पद्धत सोडली, लाज सोडली, आता मी आत असताना पाणीही सोडायला लागले!”

“त्यांना म्हणावं, मी काय वाटेल ते सोडीन, पण मधल्या खोलीवर पाणी सोडणार नाही! मेलो तरी नाही!”

“त्यांना विचारा, खोलीत त्यांचं आहे काय? खुर्ची माझी!”

“पंखा माझा!”

“पंखा मोडलाय!”

“मोडला कुणी?”

गीझरवाल्याने पाना खाली ठेवला. तो इतका वेळ एकदा झरोक्याकडे आणि एकदा थोरल्याकडे मान फिरवत होता आणि आता ती दुखायला लागली होती.

“ऐका दोघं,” तो म्हणाला. “मशीनला काही झालेलं नाही. मशीन लहान आहे. एका वेळी एकच नळ. दोन सोडले की पाणी कोमट. कोमट आलं की माणूस काय करतो? नळ बारीक करतो, म्हणजे गरम येईल. तुम्हीही करता, तेही करतात. दोघांनी बारीक केला की पाणी कमी पडतं आणि ज्योत विझते. नाहीतर एकाची आंघोळ उरकते, तो नळ बंद करतो, दुसऱ्याचा बारीकच असतो, तरीही विझते. की तो बोंब मारतो, माझं पाणी मुद्दाम तोडलं.”

“म्हणजे चोर कोण?” थोरल्याने विचारलं.

“कोणीच नाही.”

थोरल्याचा चेहरा पडला. सगळ्या दुकानांतले तराजू बरोबर निघाल्यावर निरीक्षकाचा पडेल तसा.

“मग ते सेल? ती जाळी? तो खार?”

“तेही खराबच होते,” गीझरवाला घाईघाईने म्हणाला. “पण मला सांगा, एवढी वर्षं हेच मशीन चालत होतं. तेव्हा कसं चालायचं?”

उत्तर दिलं ते दारात उभ्या असलेल्या थोरल्याच्या बायकोने.

“तेव्हा हाक मारायचे. आत जाताना ओरडायचं, सोडू का? आतला म्हणायचा थांब, नाहीतर म्हणायचा सोड. घरभर ऐकू यायचं. शेजारीसुद्धा सोड म्हणायचे.”

“झालं तर मग. उपाय एक, हाक मारा.”

“दुसरा उपाय सांगा,” थोरला म्हणाला. झरोक्यातूनही तेच शब्द आले, त्याच वेळी, त्याच चिडीने.

“दुसरा म्हणजे पलीकडे वेगळा गीझर. पण बाथरूममध्ये बसवणार नाही मी. बंद जागेत गॅस कोंडतो, माणूस आंघोळीला जातो तो बाहेर येत नाही. मोकळी हवा पाहिजे. आणि पलीकडे तशी भिंत एकच आहे.” त्याने पॅसेजच्या टोकाकडे हात केला. “ती मधली खोली. तिच्या खिडकीखाली. पाइप खोलीच्या आतून न्यावा लागेल.”

मग झरोक्यातून आवाज आला. या वेळी ओरडणं नव्हतं, आणि म्हणून तो जास्त कडवट होता.

“त्यांना सांगा, किल्ली दिली तर उद्याच बसवतो. मग त्यांचं पाणी त्यांना, माझं मला. एकमेकांचा आवाजसुद्धा ऐकायला नको.”

गीझरवाल्याने थोरल्याकडे पाहिलं. निरोप पोचवायची गरज नव्हती.

संध्याकाळी बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरला खुर्चीत बसून उजवा खांदा डाव्या हाताने चोळत होता आणि टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला खोटारडी म्हणत होता.

“देऊन टाका ना ती खोली,” बायको म्हणाली. “आहे काय तिच्यात?”

“तत्त्व आहे.”

“मग ते तरी बाहेर काढा. त्या धुळीत कसं राहील बिचारं.”

“तू कुणाच्या बाजूची आहेस?”

“मी पातेल्याच्या बाजूची आहे. रोज सकाळी ते उचलून उचलून आता माझाही खांदा दुखायला लागलाय.” तिने त्याच्या शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “बाबांचं काय राहिलंय आता त्यात? तुमचं सुटेल, त्याचंही सुटेल. तो तिकडे, तुम्ही इकडे. ना हाक, ना आपटाआपटी. तोंड बघायला नको. कायमचं संपलं.”

“हं. कायमचं,” थोरला म्हणाला. टीव्ही बंद करून त्याने कपाटातून आपल्या कुलपाची किल्ली काढली. बराच वेळ तो ती हातात घेऊन बसला, वजन खरं की खोटं ते अंदाजाने पाहत असावा तसा. “सोडलं पाणी,” तो शेवटी म्हणाला. “उद्या सकाळी तोंडावर फेकतो त्यांच्या. म्हणावं, घ्या. उपकार केले तुमच्यावर.”

बायकोने शर्ट ठेवला आणि दुसरा उचलला.

सकाळी आंघोळीला जाताना त्याने किल्ली बरोबर नेली आणि खिडकीच्या कट्ट्यावर वजरीशेजारी ठेवली. कपडे काढले. नळावर हात ठेवला. सोडला नाही. का सोडला नाही हे कुणी विचारलं असतं तर तो चिडला असता. तो नुसताच खाकरला.

पलीकडे कुणीतरी खाकरलं.

मग भिंतीतून, पाइप जातो त्या भोकातून म्हणा किंवा झरोक्यातून म्हणा, शब्द आले.

“सोडू का?”

कोरडा आवाज. कुणालाही उद्देशून नाही. मोठ्या हुशारीने निवडलेलं वाक्य होतं. त्यात ‘तू’ही म्हणावं लागत नव्हतं आणि ‘तुम्ही’ही.

थोरल्याने क्षणभर विचार केला. मग त्यालाही तसंच एक सापडलं.

“थांबावं.”

त्याने शॉवर सोडला. पाणी आधी कोमट आलं, मग गरम, मग चांगलं गरम, आणि तसंच राहिलं. तो धारेखाली उजवा खांदा धरून उभा राहिला. साबण लावला. पाणी गरमच होतं. साबण धुतला. तरी गरम. सवयीने त्याचा डावा हात वजरीकडे गेला आणि काही काम नसल्यामुळे परत आला.

“झालं का?”

“नाही.”

त्याने खांदा हळूच फिरवून पाहिला. दुखला, पण फिरला. हात कानापर्यंत गेला. अनेक दिवसांत कान त्याच्या उजव्या हाताला सापडला नव्हता.

“झालं का?”

“व्हायचंय.”

पलीकडे तांब्या आदळला. थोरला धारेखालून हलला नाही. इतक्या दिवसांचं गरम पाणी त्याला यायचं राहिलं होतं आणि मापात घेतल्याशिवाय तो ते सोडणार नव्हता.

“अरे ए दादा!” भिंत हादरली. “झालं का तुझं? बाहेर गाडीत शिकाऊ बाई बसलीय, ब्रेक कुठला ते तिला अजून कळत नाही, आणि किल्ली लावलेलीच आहे! अंगाला काय मुलामा चढवतोयस का आत? लहानपणापासून हेच! आधी शिरायचं आणि बाहेर यायचंच नाही! मेला माणूस!”

थोरल्याने नळ बंद केला. अंगावरून पाणी निथळत होतं. धुवायचं काही उरलं नव्हतं, पुसायचं होतं, पण टॉवेल हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

“दादा! मेलास का?”

“झालं,” थोरला म्हणाला. मग त्याने आवाज चढवला. “झालं म्हटलं ना! सोड! बोंबलू नकोस!”

किल्ली टॉवेलमध्ये गुंडाळून तो बाहेर आला. नाश्ता करताना ती ताटाशेजारी होती. रजा टाकली होती, म्हणून तो घरातच होता. दुपारपर्यंत किल्लीने दोनदा जागा बदलली आणि दोन्ही वेळा बायकोने ते पाहिलं.

दुपारी गीझरवाला नव्या मशीनचा खोका घेऊन आला. “चला,” तो म्हणाला. “पलीकडचं कुलूप त्यांनी काढलंय. तुमचं तेवढं काढा.”

“खोली मिळणार नाही,” थोरला म्हणाला.

“अहो, पण वहिनी फोनवर म्हणाल्या...”

“काल म्हणाली. आज मी म्हणतोय. मिळणार नाही.”

झरोक्यापलीकडे बहुधा कुणी उभंच होतं.

“ऐकलं मी!” धाकटा गरजला. “म्हणजे नवा गीझर नाही?”

“नाही.”

“म्हणजे मी जन्मभर रोज सकाळी विचारत बसायचं? सोडू का, झालं का, सोडू का, झालं का?”

“विचार.”

“आणि तू संस्थानिकासारखा आतून थांब म्हणणार?”

“म्हणेन. मला वाटलं तर.”

“हलकट आहेस तू, दादा! अगदी बाबांसारखा हट्टी आणि हलकट!”

“जरा मोठ्यानं बोल,” थोरला म्हणाला. “मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.”

यावर धाकट्याने जे सुनावलं ते दोन्ही कानांनी आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनीही ऐकलं. थोरल्याने तितकंच परत दिलं. वडिलांच्या खुर्चीपासून सुरुवात होऊन ते शाळेत असताना हरवलेल्या कंपासपेटीपर्यंत गेले. गीझरवाल्याने खोका एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि थोरल्याच्या बायकोकडे पाहिलं.

“परत नेऊ का?”

“न्या,” ती म्हणाली. “आणि हळू जा. पायरी तुटलीय.”

पान वाढलं होतं. थोरला घाम पुसत येऊन बसला, पहिला घास घेतला. इकडचं बाथरूम केव्हाच कोरडं झालं होतं. टॉवेल वाळत होता. वजरी खिडकीत होती.

झरोक्यातून आवाज आला. चिडका, दमलेला.

“सोडू का?”

बायकोने वर पाहिलं. आत कोणीच नव्हतं.

थोरल्याने घास खाली ठेवला. उजवा कान तिकडे केला.

“थांब!” तो ओरडला.